परत चालत आलेल्या माणसाचं तळं

आईला तळं दाखवायला नेलं होतं, पण तिची नजर आधी गेली ती सभागृहावर. नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत, वेन्सव्हिल गावाला लागून लेक जुनालुस्का आहे. पाण्याच्या अगदी काठाशी १९१३ सालचं एक रुंद, बैठं सभागृह. दार उघडं होतं, आत कोणी नव्हतं. आई आत गेली, मागच्या एका बाकावर टेकली, पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाली, "अगं, ही तर आपल्या सभेची जागा."

आपल्या म्हणजे नगरच्या. आमचं घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. आजीच्या काळी उन्हाळ्यात शेतं मोकळी झाली की आसपासच्या गावांतल्या मंडळ्या एका जागी जमायच्या. बैलगाड्या सोडायच्या, तीन दगडांच्या चुली मांडायच्या, मांडवाखाली सतरंज्या अंथरायच्या. दिवसा वचन, संध्याकाळी पेटी-तबल्यावर भजनं, रात्री गॅसबत्तीच्या उजेडात उपदेश आणि शेवटी 'पुढे या' अशी हाक. संजीवन सभा. आईने त्या लहानपणी पाहिल्या, मी फक्त ऐकल्या. शार्लटला राहायला आल्यापासून मी कितीदा तरी या तळ्यावर आले होते. हंस, गुलाबांची वाट, थंड हवा, एवढ्यासाठी. हे कशाचं ठिकाण आहे ते मला आईच्या त्या एका वाक्यानंतर शोधावंसं वाटलं.

लेक जुनालुस्काचं मूळ तळ्याहून शंभरेक वर्षं जुनं आहे आणि ते पाण्याशी नाही, जंगलातल्या मोकळ्या जागांशी जाऊन पोचतं. १८०० साली ॲपलेशियन डोंगर ओलांडून गेलेले लोक एकेकटे राहत. एका घराचा धूर दुसऱ्या घराला दिसत नसे. देऊळ नाही, पाळक नाही, लग्न लावायला आणि मेलेल्यासाठी प्रार्थना करायला माणूस महिनोन्‌महिने यायचा नाही. त्यातले बरेचसे स्कॉटिश-आयरिश वंशाचे, प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचे. प्रभुभोजनासाठी चार-पाच दिवस उघड्यावर एकत्र राहायचं, ही त्यांची जुन्या देशातली रीत. केंटकीच्या लोगन काउंटीत जेम्स मॅकग्रेडी नावाच्या पाळकाने त्या उन्हाळ्यात तशा सभा भरवल्या आणि लोक गाड्यांत अंथरुणं-पांघरुणं, पीठ, खारवलेलं मांस घालून आले. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १८०१ मध्ये, केन रिजला तर एवढी माणसं लोटली की कोणी दहा हजार म्हणालं, कोणी वीस हजारांच्या वर. तेव्हा केंटकीतलं सर्वांत मोठं गाव लेक्सिंग्टन, त्याची वस्ती दोन हजारही नव्हती. रानात एका आठवड्यापुरतं राज्यातलं सर्वांत मोठं शहर उभं राहिलं आणि मोडलं.

प्रेस्बिटेरियन मंडळींना त्या सभांतलं रडणं, किंचाळणं, बेशुद्ध होऊन पडणं पुढे नकोसं झालं. मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाने मात्र ती रीत उचलली आणि डोंगराच्या दोन्ही उतारांवर पसरवली. त्यांचे प्रचारक घोड्यावर फिरणारे, घरदार नसलेले. त्यांना अशीच जागा हवी होती, जिथे वर्षातून एकदा सगळे भेटतील. कॅम्प मीटिंग हे नाव तेव्हाचं.

या सभांची वेळ ठरत असे ती मक्यावरून. ऑगस्टच्या सुमारास शेवटची खुरपणी झाली की कणीस भरेपर्यंत शेतात करण्यासारखं काही नसतं. इथल्या जुन्या लोकांच्या बोलीत त्या दिवसांना स्वतंत्र नाव आहे, 'लेइंग-बाय'. सभा याच दिवसांत. उजेडासाठी चार खांबांचं मचाण करायचं, फळ्यांवर मातीचा जाड थर द्यायचा आणि वर राळेने भरलेल्या पाइनच्या गाठी पेटवायच्या. मधोमध डहाळ्यांचा मांडव, खाली लाकडाचा भुसा, पुढे पश्चात्ताप करणाऱ्यांसाठी बाक. स्त्रिया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. पुस्तकं नसत आणि असली तरी वाचता येणारे थोडे, म्हणून एकाने ओळ सांगायची आणि सगळ्यांनी उचलायची. मी हे वाचून दाखवलं तेव्हा आई म्हणाली, "हे तर मला माहीत आहे. तू नवीन काय ते सांग."

नवीन होतं ते तिला मी त्या दिवशी लगेच सांगितलं नाही. दक्षिणेतल्या या सभांना गुलामही येत. आणले जात आणि आपणहूनही येत. त्यांची जागा बहुतेक ठिकाणी व्यासपीठाच्या मागे असे. उपदेशकाचा चेहरा गोऱ्यांकडे, पाठ त्यांच्याकडे. हाक सगळ्यांना होती. ती ऐकायची कुठे बसून, ते ठरलेलं होतं. मागच्या बाजूचं गाणं पुढच्यांपेक्षा जास्त वेळ चाले, असं त्या काळातल्या गोऱ्यांनीच लिहून ठेवलं आहे. सभा उठल्यावर, रात्रभर.

तळ्याच्या या हेवूड काउंटीत मेथडिस्ट आले त्याची एक गोष्ट मला फार आवडते. फ्रान्सिस ॲसबरी हे अमेरिकेतल्या मेथडिस्टांचे पहिल्या पिढीतले बिशप. आयुष्यभर अविवाहित, आयुष्यभर घोड्यावर. १८१० च्या नोव्हेंबरअखेर, पासष्टीच्या वयात, ते टेनेसीकडून कॅटलूची खोऱ्यातून डोंगर ओलांडून इकडे उतरले. रोजनिशीत त्यांनी लिहिलंय की कॅटलूचीचा ओढा एका ओंडक्यावरून चालत पार केला आणि पुढे चढ, चढामागून चढ. प्रकृती खालावलेली, थंडी हाडांत शिरलेली. तरी थांबले नाहीत. मी त्या भागात ऑक्टोबरमध्ये गाडीने गेले आहे. रस्ता एवढा वळणांचा की दोनदा थांबावं लागलं. त्या ओंडक्याचा विचार मनातून जात नव्हता.

खाली पायथ्याकडे, डेन्व्हर नावाच्या छोट्या गावाजवळ, रॉक स्प्रिंग्ज इथे जुन्या धाटणीची कॅम्प मीटिंग १८३० पासून त्याच जागी भरते. मधे मांडवाच्या जागी पक्का लाकडी मंडप आणि भोवती चौकोनात अडीचशेहून जास्त लाकडी खोल्या. या खोल्यांना लोक आजही 'टेंट' म्हणतात. कापड जाऊन दीडशे वर्षं झाली, शब्द तसाच राहिला. खोली वारसाहक्काने आजीकडून नातीकडे जाते. माणसं कुठेही राहत असोत, ऑगस्टमध्ये येतात. तिथून थोड्याच अंतरावर टकर्स ग्रोव्ह आहे. तोही तसाच मंडप, तसाच टेंटांचा चौकोन. तो १८७० च्या दशकात गुलामीतून सुटलेल्या लोकांनी उभारला. व्यासपीठामागे बसवलेल्यांनी स्वतःची जागा केली, आणि आराखडा मात्र तोच ठेवला. त्या आराखड्यातलं वाईट काय ते त्यांना माहीत होतं आणि चांगलं काय तेही.

मेथडिस्ट मंडळी १८४४ मध्ये गुलामीवरून फुटली. जॉर्जियाचे बिशप जेम्स अँड्र्यू यांच्या घरी गुलाम होते. उत्तरेकडच्यांनी म्हटलं, असा बिशप चालणार नाही. दक्षिणेकडच्यांनी वेगळी मंडळी स्थापली. या दक्षिणी मंडळीला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाटू लागलं की रानातल्या सभेचे दिवस सरत आले. लोक आता रेल्वेने फिरतात, शिकलेले आहेत, त्यांना व्याख्यानं हवीत, संगीत हवं, मुलांना पोहायला पाणी हवं. न्यूयॉर्क राज्यात शटॉक्वा तळ्याकाठी तसं ठिकाण १८७४ पासून चालू होतं. १९०८ मध्ये चॅटनूगाच्या एका परिषदेत ठराव झाला की दक्षिणेलाही असं काही हवं. बिशप जेम्स ॲटकिन्स यांनी तो मनावर घेतला. हेवूड काउंटीत जमीन मिळाली, शेजारून रेल्वे जात होती, उंची साधारण २,६०० फूट, म्हणजे खालच्या मैदानांतल्या उकाड्यापासून आणि हिवतापापासून सुटका. रिचलंड ओढ्यावर बांध घालून दोनशे एकरांचं तळं करायचं ठरलं. २५ जून १९१३ ला मिशनरी परिषदेने उद्घाटन झालं तेव्हा सभागृह तयार होतं. तळ्यात अजून पाणी नव्हतं. ते पुढच्या वर्षी भरलं.

१९३० च्या दशकातल्या मंदीत संस्था कर्जात बुडाली, प्रशासक आला, सगळं विकलं जायची वेळ आली. गावोगावच्या मंडळ्यांनी वर्गणी काढून ती सोडवली. हा भाग मी पटकन सांगते, कारण अशा संस्थांच्या इतिहासात तो बहुधा असतोच. जे तिथल्या माहितीपत्रकात तपशिलाने नसतं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

१९३९ मध्ये उत्तर आणि दक्षिण मेथडिस्ट पुन्हा एक झाले. देशाचे सहा विभाग पाडले. पाच भूगोलाप्रमाणे. सहावा रंगाप्रमाणे: कृष्णवर्णीयांच्या मंडळ्या, मग त्या शिकागोत असोत की मिसिसिपीत, सगळ्या त्या एका विभागात. दक्षिणेची एकत्र यायची अटच ती होती. लेक जुनालुस्का आग्नेय विभागाकडे आलं, म्हणजे त्या वाटणीनुसार गोऱ्यांकडे. हा सहावा विभाग १९६८ मध्ये युनायटेड मेथडिस्ट चर्च झालं तेव्हा मोडला. एकोणतीस वर्षं. या तळ्याकाठी ज्या मिशनरी परिषदा भरत, त्यात आफ्रिकेसाठी आणि हिंदुस्थानासाठी पैसा जमा होत असे. लोकांनी मनापासून दिलेला, काटकसर करून दिलेला. त्याच वेळी शेजारच्या गावातल्या कृष्णवर्णीय मेथडिस्टाचं नाव मंडळीच्या वेगळ्या वहीत होतं. हे दोन्ही खरं आहे. आमच्या नगरकडे शिकलेल्या कितीतरी मुली अमेरिकेतून आलेल्या पैशांवर शिकल्या. ती कृतज्ञता माझ्या रक्तात आहे, म्हणून ही वही मला जास्त लागते.

आणि इथे लोणावळा येतं. व्हर्जिनियाच्या रॉकब्रिज काउंटीत, याच डोंगररांगेच्या उत्तरेकडच्या कुशीत, १८२१ मध्ये विल्यम टेलर जन्मला. तरुणपणी डोंगरातल्या एका कॅम्प मीटिंगमध्ये त्याचं मन पालटलं. पुढे तो कॅलिफोर्नियात सोनं शोधायला आलेल्यांना रस्त्यावर उपदेश करायचा. १८७१ च्या अखेरीस तो मुंबईत पोचला आणि त्याने तिथे मेथडिस्ट मंडळी उभी केली. येताना तो आपल्या लोकांची रीत घेऊन आला. त्याच मंडळींच्या कॅम्प मीटिंगा मग लोणावळ्याच्या झाडीत भरू लागल्या.

एप्रिल १८९६ मध्ये पंडिता रमाबाई आपल्या पंधरा मुलींना घेऊन लोणावळ्याच्या त्या सभेला गेल्या. त्यांनीच लिहून ठेवलंय: एका पहाटे त्या एकट्या रानात जाऊन बसल्या, सूर्य उगवताना पाहिला आणि मागणं मागितलं, की या पंधरांचा वर्ग कर, दोनशे पंचवीस कर. प्रार्थनेत गणित मांडणारी बाई! संस्कृत पाठशाळेतही जिला जागा नव्हती, पण जिच्या वडिलांनी रानात झोपडी बांधून तिच्या आईला आणि मग आईने तिला शिकवलं, तिने रानातच बसून हा हिशेब मांडला. त्याच वर्षी दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या शेकडो मुली-विधवा घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून वाढलं. आजीची एक मावशी केडगावची. आमच्याकडे तिच्याबद्दल फार काही माहीत नाही. कोणत्या गावाहून आली, जात काय होती, आईबाप होते का, काही नाही. फक्त "ती केडगावची" एवढंच. म्हणून लोणावळ्याचं ते रान माझ्या घराण्याच्या मुळाशी कुठेतरी आहे, आणि त्या रानाच्या मुळाशी हे ॲपलेशियन रान.

आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग विचारलं, "आणि हे जुनालुस्का म्हणजे काय? बाई की माणूस?"

माणूस. चेरोकी या इथल्या मूलनिवासी जमातीचा नायक, जन्म १७७५ च्या आसपास. १८१४ मध्ये हॉर्सशू बेंडच्या लढाईत अमेरिकन सेनानी अँड्र्यू जॅक्सनच्या बाजूने तो क्रीक या दुसऱ्या जमातीच्या लोकांशी लढला. त्याने क्रीकांचा समूळ नाश करण्याची शपथ घेतली होती; परत आल्यावर लोकांसमोर कबूल केलं की प्रयत्न केला, जमलं नाही. त्यावरून हे नाव पडलं. पुन्हा पुन्हा प्रयत्न करून ज्याला जमत नाही, तो. चेरोकींनी पुढे त्या लढाईत जॅक्सनचा जीव आपण वाचवला असं सांगितलं. तोच जॅक्सन राष्ट्राध्यक्ष झाला आणि १८३० मध्ये त्याने मूलनिवासींना मिसिसिपीपलीकडे हाकलण्याच्या कायद्यावर सही केली. १८३८ मध्ये सैनिक आले. सुमारे सोळा हजार चेरोकी घरांतून काढले गेले. छावण्यांत आणि वाटेवर मेलेल्यांचा आकडा चार हजारांच्या आसपास धरतात. जुनालुस्काने वाटेत काही लोकांसह पळून यायचा प्रयत्न केला. पकडला गेला. जमलं नाही.

काही वर्षांनी तो, जिथे त्यांना हाकललं होतं त्या ओक्लाहोमाहून, परत आला. पायी. तेव्हा तो साठीच्या पुढे होता.

१८४७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने त्याला नागरिकत्व, ३३७ एकर जमीन आणि शंभर डॉलर दिले. त्याचं नाव जवळच्या एका शिखराला मिळालं, शिखरावरून तळ्याला. तळ्याचं नाव ठरवणाऱ्यांना त्या शब्दाचा अर्थ ठाऊक होता का, हा विचार मी बांधावरून चालताना नेहमी करते.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन मी रॉबिन्सव्हिलला गेले. तिथे टेकडीवर जुनालुस्काची आणि त्याच्या बायकोची, नाइसीची, कबर आहे. १९१० मध्ये तिथे एका स्त्रीसंस्थेने मोठी शिळा बसवली, धातूचा फलक लावला. फलकावर लिहिलंय की त्याने जनरल जॅक्सनचा जीव वाचवला आणि त्याच्या शौर्याबद्दल, निष्ठेबद्दल राज्याने त्याला नागरिक केलं, जमीन दिली. आईने इंग्रजी हळूहळू, ओळीवर बोट ठेवून वाचलं. दोनदा वाचलं. "हाकलल्याचं कुठंय?" तिने विचारलं. नव्हतं. चालत आल्याचंही नव्हतं. राज्याने दिलेल्या जमिनीचा उल्लेख होता, ती मुळात कोणाची होती त्याचा नव्हता. आईने शिळेभोवती फिरून मागची बाजूही पाहिली.

येताना कॅटलूचीला जाता आलं असतं तर बरं झालं असतं. ॲसबरी ज्या खोऱ्यातून उतरले तिथे पुढे बाराशेच्या आसपास माणसांची वस्ती झाली. शेती, सफरचंदाच्या बागा, १८९८ चं पांढरं लाकडी मेथडिस्ट देऊळ, पामर चॅपल. १९३० च्या दशकात ग्रेट स्मोकी राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्या सगळ्यांना जमिनी सोडाव्या लागल्या. घरं बहुतेक पाडली, देऊळ राहिलं. त्यांची पोरं-नातवंडं दर ऑगस्टला त्या देवळात जमायची, बाहेर लांब टेबलांवर घरून आणलेलं जेवण मांडायची, कबरी साफ करायची. मी एकदा दुरून पाहिलं आहे: कुरणात एल्क, म्हणजे मोठी हरणं, चरत होती, आणि एक म्हातारे गृहस्थ नातीला मोकळ्या गवतात हात करून दाखवत होते, इथे पडवी, इथे विहीर. सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळात खोऱ्याचे रस्ते वाहून गेले आणि ते बंद झालं. आईला ते देऊळ दाखवायचं राहिलं.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही तळ्याला फेरी घातली. वाट २.३ मैलांची आहे. आईचे गुडघे दुखतात, म्हणून बाकाबाकावर थांबत. समोरच्या टेकडीवरचा क्रूस उजळला, त्याची रेघ पाण्यात उतरली. मी मनाशी हिशेब करत होते: ओक्लाहोमापासून रॉबिन्सव्हिल, वाटेने आठशे मैलांच्या वर. या तळ्याला साडेतीनशे फेऱ्या. रस्त्यात टेनेसी नदी, मिसिसिपी नदी. मी ते आईला मोठ्याने सांगितलं.

"एकटा आला?"

"सोबत काही लोक असतील. नक्की ठाऊक नाही."

"परत आला तेव्हा त्याचं घर होतं का गं इथे?"

"नव्हतं, आई. जमीन दुसऱ्यांच्या नावावर झाली होती."

आई उठली. साडी नीट केली, बाकाची कड धरून पायात चपला सारल्या. बांधाकडून हंस येत होते. सभागृहात कोणीतरी दिवे लावले होते आणि पियानोवर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवून पाहत होतं.

"चल," ती म्हणाली, "अजून एक फेरी मारू. हळूहळू."